आठ गायी दावणीला, दूध मात्र चारींचं

प्रश्न : आमचं गाव संगमनेरच्या पठार भागात. तीन एकर रान, एक विहीर, ती होळीनंतर तळ गाठते. घरी आठ होलस्टिन संकरित गायी आणि तीन कालवडी. सध्या चार गायी दुधात आहेत, दोन्ही वेळचं मिळून ५२ लिटर जातं. दोन गाभण आहेत, त्यातल्या एकीला सातवा संपत आला तरी तीन लिटर निघतंय. राहिलेल्या दोघी सारख्या उलटतात, भरवल्या तरी पुन्हा माजावर येतात, एकीला तर पाच वेळा भरवलं. मोठी कालवड अडीच वर्षांची झाली, अजून गाभण नाही. डेअरीत ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) ३३ रुपये आहेत, आमचं ३.३ आणि ८.१ लागतं म्हणून दर तुटतो. पेंडीचं पोतं १७०० रुपयांना, ते बिलातून कापतात. धाकटे दीर चाकणला कंपनीत आहेत. ते पाच लाख घालायला तयार आहेत, बँकेचे दहा लाख काढून बेंगळुरूकडून बारा गायी आणायच्या, असं घरात चाललंय. मिस्टर पिकअप चालवतात, दुपारनंतरच घरी असतात. धारा, शेणघाण, कुट्टी मी आणि सासूबाई करतो, त्यांचे गुडघे गेलेत. दुधाचं खातं सासऱ्यांच्या नावावर आहे. गायी वाढवायला माझी ना नाही, पण वीस गायी माझ्याच्यानं होतील का? आणि हे सासऱ्यांना सांगू कसं? जाता जाता, एखादी गीर घ्यावी का?

उत्तर :

ताई, वीस गायी तुमच्याच्यानं होणार नाहीत. सासूबाईंचे गुडघे धड असते तरी झाल्या नसत्या. पण या घडीला तुमच्या घराला बारा गायींची गरज आहे असंही मला वाटत नाही.

आठ मोठ्या गायी आणि ५२ लिटर दूध म्हणजे गायीमागे साडेसहा लिटर. चार गायी दूध देतात, आठ खातात. चांगल्या चाललेल्या गोठ्यात आठातल्या सहा गायी कायम दुधात असतात. तुमच्याकडे तशा सहा झाल्या, आणि सरासरी आजचीच, १३ लिटरची राहिली, तर ७८ लिटर दूध जाईल. म्हणजे एकही गाय विकत न घेता रोजचं २६ लिटर वाढलं. तुमचा तुटलेला दर ३२ धरला तर ८३२ रुपये. वाढीव दुधाला लिटरमागे ४०० ग्रॅम पेंड, म्हणजे साडेदहा किलो, ३४ रुपयांनी साडेतीनशे रुपये वजा करा. महिन्याला चौदा हजारांच्या आसपास हाती उरतात. यात हप्ता नाही की नवा पत्रा नाही, नवं माणूसही लागत नाही. घरातल्या चर्चेत हा आकडा कुणी मांडला असेल असं वाटत नाही, कारण भाकड गाय गोठ्यात उभी असली की ती हिशोबात धरलीच जात नाही. ती मात्र थोडी पेंड, कडबा, वैरण मिळून दिवसाला दीडशे रुपये खाऊन जाते.

तेव्हा वाढ सुरू करायची ती त्या उलटणाऱ्या दोघींपासून आणि अडीच वर्षांच्या कालवडीपासून.

पाच वेळा भरवलेल्या गायीला सहावी रेतनाची कांडी भरू नका. तीनदा उलटली की तेव्हाच पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासून घ्यायचं असतं. सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ, तारेसारखा लोंबणारा आहे की त्यात पांढुरके कण आहेत, हे तुम्ही रोज बघता, डॉक्टर महिन्यातून एकदा. कण असतील तर आत पू आहे, तिथे कांडी वाया जाणार हे ठरलेलं. सोट स्वच्छ असूनही उलटत असेल तर बहुतेक वेळा चूक वेळेची असते. गाय १२ ते १८ तास माजावर असते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्याकडे होतं असं की भरवणारा ज्या वेळी मोकळा असेल त्या वेळी येतो आणि दोष गायीच्या माथी जातो. शिवाय उन्हाळ्यात बऱ्याच गायींचा माज मुका असतो, आणि तोही रात्री. निजायच्या आधी दहा मिनिटं बॅटरी घेऊन गोठ्यात उभ्या राहा. कोण दुसरीला अंगावर चढू देते आणि जागची हलत नाही, ते बघा. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिथून २१ व्या दिवसावर खूण करा. भरवल्यावर दोन महिने उलटली नाही म्हणून गाभण धरू नका, ६० ते ९० दिवसांत तपासून घ्या. 'गाभण असेल' या भरवशावर सहा महिने सांभाळलेल्या आणि शेवटी रिकाम्या निघालेल्या गायी तुमच्याच गावात चार घरी सापडतील.

कालवडीचं वय विसरा, वजन बघा. संकरित कालवड २५० ते २७० किलोची झाली की भरवायची, आणि नीट सांभाळली तर दीड वर्षाच्या आत ती तिथे पोचते. काटा नसला तरी शिंप्याचा टेप चालतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं गुणा आणि ६६० नं भागा. घेर ६० आणि लांबी ४८ असेल तर उत्तर २६० किलोच्या आसपास येतं. तुमची कालवड यात बसत असेल आणि तरी माज दाखवत नसेल तर तपासणी लागेल. बसत नसेल तर तिला आतापर्यंत उरलंसुरलं खायला मिळालंय. घरोघरी हेच होतं, दुधाच्या गायीपुढची पेंड संपली की कालवडीच्या वाट्याला कडबाच येतो. रोज दीड-दोन किलो पेंड, ३० ग्रॅम खनिज मिश्रण आणि जंताचं औषध वेळेवर, एवढ्यावर पुढच्या दोघी तरी वेळेत तयार होतील. या तिघींना लिंगनिर्धारित कांडी भरवायला सांगा. त्या कांडीनं दहातल्या नऊ वेळा कालवडच होते, आणि ती तरुण जनावरालाच चांगली लागू पडते. गोऱ्ह्यांचं करायचं काय हा प्रश्न आपल्याकडे २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर जास्तच अवघड झालाय, त्याचंही ओझं कमी होईल. कांडीवरचा वळूचा नंबर तेवढा वहीत लिहून ठेवा, बापाची कांडी लेकीला जायला नको.

सातव्या महिन्यातल्या गायीचं ते तीन लिटर आजच सोडा. वेताआधीचे दोन महिने कासेला विश्रांती हवी. आज वाचवलेल्या तीन लिटरांपायी पुढच्या वेतात तिप्पट गमावाल. आटवताना सडात सोडायच्या ट्यूबा डॉक्टरांना विचारून भरा, दगडीचा, म्हणजे कासेच्या सुजेचा, मोठा धोका तिथेच टळतो.

आता बारा गायींचा हिशोब तुमच्याच आकड्यांनी करू. दहा लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला पावणेबावीस हजारांच्या घरात येतो. बारातल्या नऊ दुधात, प्रत्येकी १३ लिटर, म्हणजे ११७ लिटर. पूर्ण ३३ रुपये दर धरला तर रोजचे ३८६० रुपये. पेंड अंगाला दीड किलो आणि लिटरमागे ४०० ग्रॅम मिळून ६५ किलो, म्हणजे २२०० रुपये. चारा तुमच्या रानात नाही, तो विकतचा. गायीला २० किलो आणि किलोला चारच रुपये धरले तर ९६० रुपये, आणि उन्हाळ्यात चार रुपयांना कुणी देत नाही. उरतात रोजचे ७००, महिन्याचे एकवीस हजार. हप्ता सुद्धा पुरा पडत नाही, ताई. डॉक्टर, विमा, कडबा, एखादी गाय दगावणं यातलं काही मी धरलेलंच नाही. तुमची मजुरी तर शून्य रुपये धरली आहे.

आणि ३३ रुपये दर टिकेल असं धरून चाललेत म्हणून एक आठवण करून देते. २०२३ च्या सुरुवातीला गायीच्या दुधाला पस्तीसच्या पुढे दर होता. वर्ष सरता सरता तो सत्तावीसच्या आसपास आला आणि सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. तेही ज्यांच्या गायींच्या कानात बिल्ला होता आणि नोंद ऑनलाइन चढलेली होती त्यांनाच. वरच्या गणितात ३३ च्या जागी २७ घालून बघा, हप्त्यासाठी काहीच उरत नाही. कर्जाची वही मांडताना दर कायम पडलेला धरायचा. दर वाढला तर कुणाची तक्रार नसते.

दिरांना हे कागदावर दाखवा. कंपनीत काम करणाऱ्या माणसाला आकडा लवकर कळतो. त्यांच्या पैशाला नाही म्हणू नका, फक्त त्याचं काम बदला. पाच लाखांतले दोन-अडीच लाख पुरेत. एक चांगलं कुट्टी मशीन, दोन गायींना एकदम लागणारं धारेचं यंत्र, गायींना दिवसभर तोंड घालता येईल असा पाण्याचा हौद, आणि मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून मुरवलेला हिरवा चारा. दुधाच्या गायीला दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागतं. दोन वेळा बादली दाखवणाऱ्या गोठ्यात नुसता हौद बांधला तरी दूध वाढतं, हे कुठल्याही पेंडवाल्यापेक्षा मी जास्त खात्रीनं सांगते. आणि एक विचारून घ्या. दीर देणार ते पैसे उसने, की गोठ्यात त्यांची भागी? भावाभावांत हे आज लिहून ठेवलेलं बरं. गायी व्यायला लागल्यावर सगळ्यांच्या आठवणी वेगवेगळ्या होतात.

मुरघासावर जरा थांबते, कारण तुमच्या गोठ्याची खरी मर्यादा ती होळीनंतरची कोरडी विहीर आहे. होळी ते मृग धरून शंभर दिवस. आठ गायी आणि वासरं मिळून दहा मोठी जनावरं समजा. रोज १८ किलो दिला तर १८ टन मुरघास लागेल. पठारावर पाऊस बरा झाला तर एक एकर मका तेवढं देते. पावसाळ्यात पेरलेली मका ७५ ते ८५ दिवसांत दाणा चिकात आला की कापायची. दाणा कडक होऊ द्यायचा नाही आणि पार कोवळीही कापायची नाही, पाणी जास्त राहिलं तर सडते. कुट्टी अर्धा ते पाऊण इंच, आणि थर दाबून दाबून हवा पूर्ण बाहेर काढायची. खड्डा, बॅग, बांधीव टाकी, तुम्हाला जे परवडेल ते. दीड महिना तोंड उघडायचं नाही. कडेला बुरशी आलेला भाग गाभण गायीला चुकूनही घालू नका, उकिरड्यावर टाका.

यात अडचण कुठे येणार हे मला ठाऊक आहे. तो एक एकर कांद्याचा असणार आणि सासरे तो सोडणार नाहीत. कांद्याला या साली भाव लागेल ही आशा आपल्या तालुक्यात कुणाची सुटली आहे? मग सगळा एकर मागू नका, पहिल्या वर्षी वीस गुंठे मागा. निम्मा मुरघास घरचा झाला की निम्मा विकत. त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या गायी आटतील आणि तुमच्या आटणार नाहीत, पुढचे वीस गुंठे मिळवायला तेवढं पुरे. तुमचा एसएनएफ ८.१ वर अडकलाय, त्याचं मूळही मला इथेच दिसतं. नुसत्या हिरव्या घासावर पोट भरलं की दूध पातळ होतं. गायीला बळ देणारं धान्य, कोरडी वैरण आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण मिळालं की दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. डेअरीकडून छापील दरपत्रक मागून घ्या, एकेका पॉइंटला किती कापतात ते घरात कुणाला तरी तोंडपाठ असू द्या.

गोठ्याच्या पक्क्या बांधकामात पैसा घालू नका. गायीमागे ४० चौरस फूट सावली आणि निदान ८० चौरस फूट मोकळी जागा, भोवती तारेचं कुंपण, मध्ये एखादं झाड. बारा जनावरांना दोन-तीन गुंठे बास होतात. गायी मोकळ्या असल्या की माज आपोआप दिसतो, आणि रोजचं शेण उचलणंही बरंच कमी होतं. तुमच्या पाठीला हेच सगळ्यात आधी हवंय.

आता सासऱ्यांचं. "माझ्याच्यानं होत नाही" असं म्हणू नका, ते खरं असलं तरी. त्यावर "आमच्या वेळी..." सुरू होतं आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी आठ दिवस कागदावर वेळा लिहा. धारा किती वाजता सुरू, किती वाजता संपल्या, कुट्टीला किती, शेणाला किती, डेअरीवर जायला किती. हाताची धार गायीला सात-आठ मिनिटं धरली, तर पंधरा दुभत्या गायींना एका वेळेला दोन तास, दिवसाला चार तास नुसते धारांचे. तुमचा आजचा कागद त्याच्या शेजारी ठेवा आणि विचारा, "मामा, यातलं कुणी काय करायचं ते ठरवून द्या." मिस्टरांना आधी विश्वासात घ्या, आणि हे बोलणं त्यांनीच काढलं तर उत्तम. सासूबाई तुमच्या बाजूनं उभ्या राहतील असं मला वाटतं. गुडघे त्यांचे आहेत.

खात्याचंही बोला, पण सासऱ्यांच्या खात्याला हात न लावता. तीन कालवडींपैकी दोन तुमच्या नावावर करून मागा. कानातल्या बिल्ल्याची नोंद तुमच्या नावानं, आणि त्या व्यायल्या की त्यांच्या दुधाचं डेअरीत वेगळं खातं, तेही तुमच्या बँक खात्याशी जोडलेलं. हा भांडणाचा विषय नाही, सोयीचा आहे. पशुपालनासाठीही आता किसान क्रेडिट कार्ड मिळतं आणि वेळेवर फेडलं तर व्याज चार टक्क्यांवर येतं. कार्ड तुमच्या नावावर निघालं तर पेंड रोखीनं घेता येईल. १७०० चं पोतं बिलातून कापून घेता तेव्हा ते खरं कितीला पडतं हे एकदा बाजारात विचारून बघा. त्या पैशातून गायी मात्र घेऊ नका, ते खेळतं भांडवल आहे.

समजा हे सगळं जमलं. दोन्ही गायी लागल्या, कालवडी लागल्या. वर्षाला सात वेतं धरली तर साध्या कांडीनंही तीन-साडेतीन कालवडी पडतात. त्या जगवायच्या. वासराला जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पाजायचा, वार पडायची वाट बघत बसायचं नाही. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला ब्रुसेलाची, म्हणजे गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची, लस एकदा टोचून घ्यायची. अशानं तीन वर्षांत तुम्ही बारा-तेरा गायींवर जाता, आणि प्रत्येकीची आई कोण, दूध किती, खोड काय हे तुम्हाला माहीत असतं. लॉरीतून उतरलेल्या गायीबद्दल दलाल सांगेल तेवढंच माहीत. ती नवं पाणी, नवी हवा आणि आपल्याकडची गोचीड सोसून टिकेपर्यंत पहिलं वेत निघून जातं. पाठोपाठ तिच्यासोबत आलेलं दुखणं घरच्या आठींना लागलं तर काय, याचा विचार घरात झालेला दिसत नाही.

तरीही घरच्यांच्या समाधानाला विकत घ्यायच्याच असतील तर दोन घ्या, जवळपासच्या गावातल्या ओळखीच्या गोठ्यातून. लोणी, घोडेगाव, काष्टीच्या बाजारात चांगली जनावरं येतात, पण तिथे कास फुगवून आणलेली असते आणि धार एकच बघायला मिळते. गोठ्यात जाऊन लागोपाठ तीन धारा स्वतः बसून काढा, पैकी पहिली मोजू नका. चारही सड एकसारखे चालतात का बघा. दुसऱ्या वेताची, चार किंवा सहा दाती घ्या. ब्रुसेलासाठी रक्त तपासल्याशिवाय विसार देऊ नका, आणि घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळी बांधा, वेगळ्या बादलीनं पाणी पाजा.

उलटणाऱ्या दोघींपैकी एकीवर उपचार करूनही ती तीन महिन्यांत लागली नाही, तर तिच्यात जीव अडकवू नका. जातिवंत आहे, पहिल्या वेताला अठरा लिटर दिलं होतं, वगैरे आठवणींनी चारा येत नाही. घेणाऱ्याला खरं सांगून, मिळेल त्या पैशात देऊन टाका.

गीरचं विचारलंत. तुमच्या डेअरीत दूध फॅट आणि एसएनएफवर जातं, देशी म्हणून चार पैसे जास्त मिळणार नाहीत. पुण्यात बाटलीतून घरोघर महाग विकणारे आहेत, पण त्यांचं अर्धं काम गाडी आणि गिऱ्हाईक सांभाळण्याचं असतं, आणि तुमच्याकडे त्यासाठी मोकळं माणूस नाही. घरच्या तुपासाठी आणि सासऱ्यांच्या हौसेसाठी एखादी पाळायची तर पाळा, मात्र मुरघासाची पहिली टाकी भरल्यावर.